तीन इंचांचा हिशोब: लोटस ४९, झांडव्होर्ट, ४ जून १९६७

कोल्हापूरच्या काकांनी फोनवर सांगितलं, "मला लोटस ४९ करून दे. पण झांडव्होर्टची. दुसरी कुठली नको."

लोटस ४९ ही ग्रांप्री, म्हणजे फॉर्म्युला वन शर्यतींची गाडी, आणि मी अशा गाड्यांची छोटी मॉडेलं बनवतो. मी हो म्हणून टाकलं. लोटस ४९ म्हणजे लोटस ४९, ती कुठे धावली याने मॉडेलमध्ये असा काय फरक पडणार, असा माझा समज होता. तो फुटायला पुढे सात महिने लागले. त्याचीच ही हकिकत.

काकांची आधी ओळख करून देतो. त्यांनी चाळीस वर्षं फौंड्री चालवली, बहुतेक काम अॅल्युमिनियमच्या ओतकामाचं. आता मुलगा बघतो आणि काका घरामागच्या शेडमध्ये एका जुन्या लहान लेथवर मनाला येईल ते काढत बसतात. शर्यतींचा नाद त्यांना आहे, पण गाडीपेक्षा त्यांचा जीव इंजिनात. म्हणूनच झांडव्होर्ट. हॉलंडच्या समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधल्या त्या ट्रॅकवर ४ जून १९६७ ला फोर्ड-कॉसवर्थ डीएफव्ही हे इंजिन पहिल्यांदा ग्रांप्रीत उतरलं आणि त्याच दिवशी जिंकलं. फोर्डने एक लाख पौंड दिले, नॉर्दम्प्टनच्या कॉसवर्थमध्ये कीथ डकवर्थने ते आखलं आणि लोटसच्या कॉलिन चॅपमन व मॉरिस फिलिप यांनी गाडी त्याच्याभोवती बांधली. ‘भोवती’ हा शब्द तितकासा बरोबर नाही, पण त्यावर पुढे येतो. त्या दिवशी ग्रॅहम हिल सगळ्यात पुढून सुटला आणि अकराव्या फेरीत इंजिन गेल्यामुळे बाहेर पडला. जिम क्लार्क आठव्या जागेवरून सुटून ९० फेऱ्यांची शर्यत जिंकला. गंमत म्हणजे त्या शर्यतीच्या सरावाआधी क्लार्कने ही गाडी चालवलेलीच नव्हती. करांच्या भानगडीमुळे तो इंग्लंडबाहेर राहत होता, आणि चाचण्यांचं सगळं काम हिलने केलं होतं.

याच इंजिनाने पुढे १९८३ पर्यंत १५५ ग्रांप्री जिंकल्या. काकांना त्यातली पहिली हवी होती, क्लार्कची, ५ नंबरची.

खोका उघडला

मला १/२० मापातलं जे किट मिळालं ते ४९-बी चं होतं, म्हणजे १९६८ सालची सुधारित गाडी. एका जपानी कंपनीचं, चांगलं, काटेकोर किट. ४९ चं मूळ किट त्या वेळी मला कुठेच मिळेना. मिळालं ते परदेशातून मागवायचं, मग कस्टमची कटकट, आणि किंमत अशी की काकांना सांगायलाही लाज वाटावी. मी विचार केला, पंख काढले, नाक बदललं, लाल-सोनेरी सिगारेटच्या रंगाऐवजी हिरवा मारला की झालं. आठ-दहा दिवसांचं जादा काम.

पहिल्या संध्याकाळी नुसतं बघावं म्हणून तळ आणि सस्पेन्शनचे भाग टेपने जोडून मी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावला. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत साडेएकशेचोवीस मिलिमीटरला जरासं कमी. झांडव्होर्टच्या ४९ चा व्हीलबेस ९५ इंच, म्हणजे २४१३ मिलिमीटर. भागिले वीस, १२०.६५. आधी किटवाल्यांचीच चूक असेल असं वाटून मला बरं वाटलं. मग कागदपत्रं उलटीसुलटी केल्यावर कळलं की किट बरोबरच आहे. ४९-बी करताना लोटसने पुढच्या सस्पेन्शनचे हात पुढे तिरके केले आणि व्हीलबेस तीन इंचांनी वाढवला. तीन इंच म्हणजे ७६.२ मिलिमीटर, १/२० मध्ये ३.८१.

चार मिलिमीटरला काय एवढं, असं ज्याला वाटत असेल त्याने एकदा करून बघावं. वीतभराच्या गाडीत पुढची चाकं चार मिलिमीटर मागे गेली की तिचं तोंडच बदलतं. ४९-बी पुढे वाकून धावल्यासारखी दिसते, ४९ आखडून बसलेली. हा फरक डोळ्याला कळतो, फक्त तो कशामुळे ते सांगता येत नाही.

आणि एक धागा ओढला की सगळंच उसवायला लागलं. ४९ मध्ये तेलाची टाकी पुढे नाकात होती, ४९-बी मध्ये ती मागे गिअरबॉक्सवर खोगिरासारखी बसली. १९६७ चा गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा, पुढच्या साली ह्यूलँड कंपनीचा. टायर रुंद झाले, म्हणून रिमही. नाकावर आणि शेपटावर पंख आले. मी यादी करायला बसलो आणि बाविसाव्या ओळीनंतर थांबलो. किटमधलं जसंच्या तसं वापरता येईल असं जे उरलं ते म्हणजे मधला टब (चालक बसतो ते गाडीचं अंग), इंजिनाचा ठोकळा आणि स्टिअरिंग.

इथे मी काकांना फोन करून म्हणालो असतो, "काका, ४९-बी घ्या की, मोनॅकोच्या शर्यतीतली करून देतो," तर विषय संपला असता. कुणीही समजून घेतलं असतं. पण त्यांनी मागितली होती ती गाडी नव्हती, तो दिवस होता.

फोटो खोटं बोलत नाहीत, गाड्या बोलतात

लोटस ४९ चे आज हवे तितके फोटो मिळतात, अगदी स्क्रूचा माथा दिसेल इतके स्पष्ट, रंगीत. सुरुवातीला मी तेच जमवले. महिनाभराने त्यातले निम्म्याहून जास्त पुसून टाकले.

कारण ते आजच्या गाड्यांचे होते. या गाड्या जुन्या मोटारींच्या शर्यतींत अजून धावतात, आणि धावायचं तर आजचे नियम पाळावे लागतात. म्हणून त्यांना गाडी उलटली तर डोकं वाचवणारा उंच रोल-बार असतो, आग विझवायचा सिलिंडर असतो, बाहेर बॅटरी तोडायची खटकी आणि तिच्याजवळ निळा त्रिकोण असतो, चालकाला आवळणारे रुंद पट्टे असतात. तेलाच्या होजा स्टीलच्या जाळीच्या. रंग असा की त्यात तोंड बघून भांग पाडावा. १९६७ च्या गाडीवर यातलं काहीच नव्हतं. मॉडेल बनवणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. गाडी खरीच असते, पण तिच्या अंगावर पन्नास वर्षांची डागडुजी असते.

मीही फसलो. धातूच्या पातळ पत्र्यातून कोरलेले, हाताने रंगवलेले इवलेसे सीटबेल्ट मी दोन रात्री जागून बसवले. बकल सुद्धा हलतील असे. फोटो काकांना पाठवला. उलट टपाली प्रश्न आला, "हे पट्टे कुणाचे?"

"चालकाचे, काका."

"त्या वेळी कुठला चालक पट्टा बांधत होता रे? गाडी पेटली तर बाहेर फेकलेलं बरं, असं म्हणायची ती माणसं. काढ ते."

आणि ते बरोबरच होतं. ग्रांप्रीत पट्टे सक्तीचे झाले १९७२ पासून. पट्ट्यांसाठी भांडणारा चालक जॅकी स्टुअर्ट त्या काळात एकटाच पडल्यासारखा होता. क्लार्क १९६७ मध्ये त्या गाडीत नुसता बसायचा. खांदे टबात घट्ट बसतील इतकी ती अरुंद होती, तोच काय तो आधार. मी पट्टे काढले. ते अजून एका डबीत आहेत, कुणा दुसऱ्या गाडीच्या उपयोगाला येतील.

मग उरले त्या काळातले फोटो. बरेचसे काळे-पांढरे, दाणेदार, आणि नेमका हवा तो कोपरा माणसाच्या पाठीमागे दडलेला. त्यांतून माप काढायचं तर ज्याचं माप पक्कं माहीत आहे अशी एखादी वस्तू फोटोत लागते. मी चाक धरलं. रिम १५ इंची, म्हणजे ३८१ मिलिमीटर. पहिल्या दिवशीची सगळी मापं त्यावरून काढली आणि नाक जाडजूड निघालं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उजेड पडला: १५ इंच हा व्यास टायर जिथे बसतो त्या खाचेचा. फोटोत दिसते ती रिमची बाहेरची कड, आणि ती प्रत्येक बाजूला आणखी पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास उंच असते. म्हणजे फोटोतल्या चाकाला ४१६ धरायचं होतं, ३८१ नव्हे. पट्टीच चुकीची असली की मापं एकमेकांशी छान जुळतात आणि तरी सगळी चुकतात.

दुसरी गोष्ट, फोटो बरोबर बाजूने काढलेला हवा. तिरक्या फोटोत लांबची बाजू आखडते, हे कुणालाही कळतं. पण अगदी समोरून काढलेल्या फोटोतसुद्धा जवळची दोन चाकं मोठी आणि मधलं अंग लहान दिसतं. म्हणून मी एकेका मापासाठी निदान तीन फोटो घेतले. तिन्हींत जुळलं तर धरायचं, नाहीतर सोडून द्यायचं. गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूचं एक माप असं आजही सोडलेलंच आहे. तिथे एक्झॉस्टची नळी आडवी येते, हे माझं नशीब.

पुढचा हात

४९ चं पुढचं सस्पेन्शन दिसायला साधं. वरचा हात म्हणजे एक जाड तरफ, तिचं आतलं टोक टबाच्या आत लपलेल्या स्प्रिंगला दाबतं. हवेत काही लोंबत नाही. मी किटचे हात कापून मागे वळवून बघितले, पण तिरकस कापलेल्या प्लॅस्टिकला दोनदा तडा गेला. शेवटी ते फेकून पितळी पट्टीतून नवे कापले, कानशीने घडवले आणि टबाच्या भिंतीत नवी भोकं पाडली. ३.८१ मिलिमीटर मागे भोक पाडायचं म्हणजे तुम्ही ज्या भिंतीत भोक पाडताय ती मुळात सरळ आहे का हे आधी बघावं लागतं. ती नव्हती. टब पुढे निमुळता होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना कागदाचा साचा चिकटवून, आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा करून, मग टोचणीने खूण. या चार भोकांवर एक अख्खा रविवार गेला.

झेडएफचा गिअरबॉक्स मी प्लॅस्टिक शीटचे थर एकावर एक चिकटवून केला. कोपरे एम-सीलने भरले. हो, नळ गळतो तेव्हा लावतो तेच. परदेशी पुट्टीपेक्षा ते दगडासारखं घट्ट होतं आणि त्याला कानस छान लागते. थ्रीडी प्रिंटर का नाही वापरलास, असं बरेच जण विचारतात. वापरला असता, पण प्रिंट करायला आधी कॉम्प्युटरवर आकार काढावा लागतो, आणि आकार मला माहीत असता तर हाताने करायलाही तेवढाच वेळ लागला असता.

गाडी जिथे वाकायची तिथेच

आता ‘भोवती’ या शब्दाकडे. लोटस ४९ मध्ये चालकाच्या पाठीमागे चौकटच नाही. अॅल्युमिनियमचा टब सीटच्या मागे संपतो. तिथून पुढे जे आहे ते नुसतं इंजिन. इंजिन चार जागी टबाला बोल्टने आवळलेलं, गिअरबॉक्स इंजिनाला आणि मागचं सस्पेन्शन त्या दोघांना. रस्त्यावरचा प्रत्येक धक्का इंजिनाच्या ओतीव धातूतून टबात जातो. इंजिनालाच हाड बनवायची कल्पना अगदी नवी नव्हती, आधीच्या साली लोटस ४३ मध्ये बीआरएम कंपनीच्या सोळा सिलिंडरच्या इंजिनाने तेच केलं होतं. पण ते इंजिन अजस्र होतं. डीएफव्ही मुळातच या कामासाठी आखलेलं.

यातली खुबी काकांनी मला समजावली, आणि ती मला फोटोंतून कधीच कळली नसती. चारातले दोन बोल्ट खाली, तेलाच्या तळाजवळ. वरचे दोन सरळ इंजिनात जात नाहीत, तर सिलिंडर हेडवरून पुढे आलेल्या दोन तिकोनी पातळ पत्र्यांना. "आता बघ," काका म्हणाले, "अॅल्युमिनियम तापलं की वाढतंय. गार इंजिन आणि तापलेलं इंजिन यांची रुंदी एक नसतीय. वरनंही घट्ट आवळलं असतंस तर एक तर टब फाटला असता नाहीतर हेड. म्हणून पत्रा पातळ ठेवलाय. लांबीच्या दिशेनं ताठ, आडवा जरा लवचिक. भार घेतोय आणि वाढायलाही जागा देतोय."

हे ऐकल्यावर किटमधले ते दोन जाडजूड प्लॅस्टिकचे तुकडे ठेवणं शक्यच नव्हतं. खऱ्या पत्र्याचा विसावा भाग किती पातळ! मी शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून दोन त्रिकोण केले आणि दिमाखात लावले. किटने इंजिन आणि टब यांच्यात मजबुतीसाठी जो ठोकळा दिला होता, खऱ्या गाडीत नसलेला, तोही कापून टाकला. आता माझी गाडीही चार बिंदूंवर जोडलेली होती, हुबेहूब.

तीन आठवड्यांनी काचेवर ठेवली तर मागचं एक चाक हवेत. कागदाचा तुकडा खालून आरपार गेला. बारकाईने बघितलं तर गाडी मधोमध, टब आणि इंजिनाच्या सांध्यात, खाली बसली होती आणि जरा पिळलीही होती. पुण्याचा एप्रिल, खिडकीशेजारचं टेबल, आणि चार टिंबांएवढा डिंक.

मला आधी वाईट वाटलं, मग हसू आलं. खरी गाडी जिथे वाकायची भीती होती नेमकी तिथेच माझी वाकली. डकवर्थच्या ठोकळ्यात धातू होता, माझ्यात पॉलिस्टायरिन. प्रमाणात मापं छोटी करता येतात, पण ताकद त्या प्रमाणात छोटी होत नाही, ती वस्तूवरच अवलंबून.

उपाय शेवटी लबाडीचा केला. टबाच्या मागच्या भिंतीतून इंजिनाच्या पोटातून थेट गिअरबॉक्सपर्यंत दीड मिलिमीटर जाडीची पितळी सळई घातली, क्रँकशाफ्ट जिथे असतो साधारण त्याच रेषेत. गाडी काचेवर वजनाखाली दाबून ठेवली आणि मग इपॉक्सी. बाहेरून तिकोनी पत्रेच भार घेताहेत असं दिसतं. घेत नाहीत. हे काकांना मी सांगितलं. नाराज होतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "चालतंय. क्रँकच्याच जागेवर घातलीस ना?"

चकाकी

इंजिनावर मी चांदीसारखा रंग मारून, वर चकाकी आणून फोटो पाठवला तेव्हा मात्र ते चिडले. "हे ओतकाम आहे का मिक्सरचं भांडं? वाळूच्या साच्यातनं निघालेलं अॅल्युमिनियम असं दिसतंय व्हय? त्याला कण असतोय, करडा असतोय. जिथं मशिनिंग केलंय तिथंच चकाकणार. कडा बघ, फ्लँज बघ."

त्यांनी पार्सलने तळहाताएवढा एक ओतीव तुकडा पाठवला. एका बाजूला वाळूची खरखर तशीच, दुसरी बाजू मिलिंग केलेली. तो शेजारी ठेवून मी रंगवलं. ठोकळ्यासाठी मॅट करडा आणि त्यात किंचित चांदी, वरून अगदी पातळ काळसर पाणी, जे खाचांत उतरतं. मशिनिंगच्या जागा, म्हणजे हेडची खालची कड आणि कव्हरची बैठक, तेवढ्याच उजळ. १/२० मध्ये वाळूचा कण खरं तर दिसायलाच नको. पण अजिबात खरखर नसेल तर ते प्लॅस्टिक वाटतं. म्हणून एअरब्रश जरा लांबून धरून, रंग हवेतच अर्धा वाळेल असा मारला. आपोआप बारीक रवा आला.

डीएफव्हीचे सिलिंडर दोन रांगांत, व्ही आकारात. इन्टेक आत, व्हीच्या मधोमध, आणि एक्झॉस्ट बाहेरच्या अंगाला. त्यामुळे वरून बघणाऱ्याला पहिल्यांदा दिसतात ते हवा ओढणारे आठ कर्णे. किटमधले कर्णे आतून भरीव होते, तोंडाला नुसता खड्डा. काकांनी माझ्याकडून फक्त माप मागवून घेतलं. आठवड्याने एक जुनी औषधाची बाटली आली, आत कापसात गुंडाळलेले अॅल्युमिनियमचे अकरा कर्णे. त्यांनी लेथवर काढलेले, काठ कागदासारखे पातळ, आत आरपार. तीन जास्तीचे का, तर "तुझ्याकडनं दोन तरी हरवणार." तीन हरवले. तिसरा अजून कपाटाखाली असावा.

प्लगच्या वायरींत कुणी फसू नये म्हणून एवढंच सांगतो: डीएफव्हीचे प्लग बाहेरच्या बाजूला नाहीत, प्रत्येक कव्हरच्या मध्यरेषेत खोल बसतात. सात मिलिमीटरची वायर विसाव्या भागात ०.३५ होते. बाजारात मिळणारी अर्ध्या मिलिमीटरची लावली की ती लगेच दोरखंडासारखी दिसते. मी जुन्या इअरफोनच्या आतली तार वापरली.

हिरवा कुठला

‘ब्रिटिश रेसिंग ग्रीन’, म्हणजे ब्रिटिश शर्यतीच्या गाड्यांचा हिरवा, हा रंग नाही, तो एक समज आहे. प्रत्येक संघाचा हिरवा वेगळा, आणि एकाच संघाचाही दर साली तोच असेल असं नाही. टीम लोटसच्या १९६७ च्या गाड्या गडद हिरव्या, नाकावरून मधोमध पिवळा पट्टा. इतकं नक्की. त्या काळचे रंगीत फोटो बघितले तर एकात तो बाटलीसारखा, दुसऱ्यात शेवाळासारखा, तिसऱ्यात जवळजवळ काळा. फिल्म, छपाई, समुद्रावरचं ढगाळ ऊन, सगळ्यांनी त्यात हात मारलेला. आजच्या गाड्या तर कितीदा रंगवल्यात कोण जाणे.

मी मोटारींचा रंग मिसळून देणाऱ्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "गाडी कुठली? कोड सांगा." म्हटलं, लोटस. त्याने वहीत शोधलं. "मारुतीत नाही साहेब." शेवटी डोळ्यांनी बघत, थेंबाथेंबाने मिसळला. मग घरी आणून त्यात थोडा पिवळा आणि अगदी नखाएवढा पांढरा घातला. लांबून दिसणारी मोठी वस्तू हवेमुळे जरा फिकी दिसते, लहान मॉडेलवर तोच रंग जड आणि काळपट वाटतो. किती फिका करायचा याचं सूत्र सांगणारे लोक आहेत. माझा त्यांच्यावर विश्वास नाही. मी नमुन्याचे सहा चमचे रंगवले, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवले आणि संध्याकाळच्या उजेडात बघितले. चौथा चमचा घेतला.

क्रम असा: आधी पांढरा प्रायमर, मग पिवळा, पिवळ्यावर पट्ट्याच्या रुंदीची मास्किंग टेप, मग हिरवा. उलट केलं तर हिरव्यावरचा पिवळा कितीही हात दिले तरी मळकटच राहतो.

हे सगळं जमेपर्यंत जुलै उजाडला होता. ज्यांनी पावसाळ्यात लॅकर मारलाय त्यांना पुढचं सांगायला नको. पहिला हिरवा हात दिला आणि दहा मिनिटांत नाकावर दुधासारखी साय आली. थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि दमट हवेतलं पाणी त्या ओल्या रंगात उतरून अडकतं. मी घाईने दुसरा हात दिला. साय जास्तच आली. मग सगळं खरवडलं.

नंतर जे केलं ते असं. सावकाश उडणारं रिटार्डर थिनर घेतलं. प्लायवूडच्या खोक्यात साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून भाग आधी कोमट केले. रंग मारला की लगेच परत खोक्यात. एअरब्रशच्या नळीला पाणी अडवणारा फिल्टर. आणि पाऊस दोन-तीन तास थांबला असेल तेव्हाच काम, नाहीतर नाही. त्या महिन्यात मी हवामानाचा अंदाज शेतकऱ्यापेक्षा जास्त वेळा बघितला. बाकीचे हात शेवटी ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात झाले.

वरचा क्लिअर कोट मी मुद्दाम कमी घासला. शर्यतीच्या गाडीचा रंग कार्यशाळेतल्या माणसांनी घाईत मारलेला असतो, ती काही लग्नाच्या वरातीला निघालेली नसते.

टेकवताना

टायरला एक सूचना हवी. किटमधले रबरी टायर ज्या मऊ प्लॅस्टिकचे असतात त्यातलं तेल वर्षानुवर्षं झिरपून साध्या प्लॅस्टिकच्या रिमला खातं. पाच-दहा वर्षांनी चाक वितळल्यासारखं चिकट होतं. रिमच्या खाचेत मी आधी पातळ फॉइल चिकटवलं, मग टायर चढवला. टायरचा मधला भाग सँडपेपरवर जरा फिरवून चकाकी घालवली. ९० फेऱ्या झालेल्या नाहीत, गाडी सुटायच्या आधीची आहे, पण सरावाच्या फेऱ्या झाल्यात.

नोव्हेंबरमध्ये गाडी घेऊन मी स्वतःच कोल्हापूरला गेलो. कुरिअरवर माझा विश्वास नव्हता. एसटीत खोका मांडीवर, आणि कात्रजच्या पुढे प्रत्येक स्पीडब्रेकरला पोटात गोळा.

काकांनी खोका उघडला, गाडी टेबलावर ठेवली आणि पहिल्यांदा काही बोललेच नाहीत. चष्मा काढून डोळा जवळ नेऊन कर्ण्यांत बघितलं. मग खिशातून व्हर्नियर काढला. मला हसू आलं, पण हातही थरथरत होते. व्हीलबेस १२०.९. पाव मिलिमीटर जास्त, म्हणजे खऱ्या गाडीत पाच.

"पाच मिलिमीटर," काका म्हणाले, "ते तर लोटसवाल्यांनी पण सोडलं असतं." मग काच टेबलावर मांडून चारही चाकं टेकतात का बघितलं, कागद सरकवून बघितला. टेकत होती.

चहा झाल्यावर निघताना ते दारापर्यंत आले.

"पुढची कुठली करायची सांगू? ऑक्टोबर सदुसष्ट. वॉटकिन्स ग्लेन."

मला लगेच लक्षात आलं. अमेरिकेतली ती शर्यत संपायला दोन फेऱ्या राहिल्या असताना क्लार्कच्या गाडीचं उजवं मागचं सस्पेन्शन तुटलं, चाक आत कलंडलं, आणि तसाच गाडी हाकत तो हिलच्या सहा सेकंद आधी पोचला.

"म्हणजे मागचं चाक वाकडं हवं."

"वाकडं हवं. पण किती वाकडं, ते आधी फोटोतनं काढ. आणि ह्या वेळीही तीन फोटो बघ, एक नको."

एसटीत बसल्यावर मी मोबाईलवर तोच फोटो शोधत होतो.